झडपेबाबत मंत्र्यांचे विधान आणि माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वर्तमानपत्राच्या तथ्यपडताळणी विभागातून निवृत्त झालेली बाई, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवते. पुढाऱ्यांची विधाने खरी की खोटी हे तपासण्यात माझा जन्म गेला.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. घर विकायचे झाल्यास जाहिरातीत 'समुद्रदर्शन' लिहू नये. समुद्र दिसतो, पण स्टुलावर चढल्यावर.

२. माझी लाल पेने जुन्या संपादकांना. मंत्री म्हणाले होते, "समुद्रातली आपली तेलविहीर पाळण्याइतकी सुरक्षित आहे." मी शेरा दिला, 'खोटे'. संपादकांनी केले, 'अंशतः खरे'. मी विचारले, "कोणता अंश?" म्हणाले, "समुद्र आहे, हा."

३. काचेची फुलदाणी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांना परत करावी. माझ्यावर खूश होऊन त्यांनीच दिली होती. पुढे ते म्हणाले, "तेलामुळे समुद्रात एक मासा उरला नाही." मी बाजारातून पिशवीभर मासे आणून फोटो छापला. फुलदाणी त्यांनी तेव्हाच मागितली होती. मीही हट्टाला पेटले.

४. आरामखुर्ची धाकट्या भावाला. तो त्याच तेलविहिरीच्या फलाटावर कामाला होता. एकदा जेवताना म्हणाला, "ताई, दाब उसळला तर विहिरीचं तोंड बंद करणारी झडपच जाम आहे. सांगून सांगून घसा बसला. छाप, पण माझं नाव नको." मी त्याच्या सोबत्यांना विचारले, तपासणीचा अहवाल मिळवला आणि छापले. नाव घातले नाही. पण मी बहीण कोणाची, हे साऱ्या फलाटाला ठाऊक होते.

खुलासा म्हणून मंत्री आम्हा पत्रकारांना फलाटावर घेऊन गेले. "बघा, काही हलतंय का?" असे म्हणताहेत तोच सरावाचा भोंगा वाजला. आम्ही वळून पाहतो तर मंत्री जीवरक्षक बोटीत! मी टीका केली नाही. फक्त फोटो छापला.

झडप बदलली गेली. भावाची मात्र किनाऱ्यावरच्या गोदामात हातमोजे वाटायला बदली झाली आणि त्याने माझ्याशी अबोला धरला. पुढे विहिरीत खरोखरच दाब उसळला. नव्या झडपेने विहिरीचे तोंड वेळेत बंद केले आणि त्याचे सगळे सोबती धडधाकट घरी आले. अबोला तरी सुटला नाही. स्वभाव वडिलांवर गेला आहे. हे पडताळलेले आहे.

५. पुरवणी. आज सहीच्या वेळी दुसऱ्या साक्षीदाराला, शेजारणीला, ताप आला. भाचीने मला न विचारता बापाला बोलावले. त्याने उभ्या उभ्या सगळे वाचले. वकीलसाहेब म्हणाले, "साक्षीदाराला काही घेता येत नाही. सही केलीत तर खुर्ची जाईल."

"जाऊ दे," भाऊ म्हणाला, "ढेकूण असतील तिच्यात."

"साफ खोटं!" मी म्हणाले.

"मग बसून बघतो, ताई."

इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेले हे त्याचे पहिले वाक्य. सबब कलम ४ मधील खुर्ची भाचीला. अबोल्याबाबतचा मजकूर आजपासून रद्द समजावा.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. धाकटा भाऊ (सही). शेरा: झडपेचा मजकूर खरा आहे. ढेकणांची तपासणी चालू.

स्थळ: माझी बैठकीची खोली.
दिनांक: आजचा, दोघांनी कॅलेंडर पाहून, एकदाचा, एकमताने घातला.