ताटात घासभर उरायला हवं

रविवार, ६ तारीख. संध्याकाळ.

पोचले. ही वही सूनबाईने गोळ्यांच्या वेळा लिहायला दिलीय. गोळ्या मला तोंडपाठ आहेत, म्हणून वही रिकामीच होती. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे, तेव्हा लिहिते. कोणी वाचायचं नाही.

काम एकच. नातीला घरी न्यायचं. बँकेतली खुर्चीतली नोकरी सोडून पोरगी या डोंगरावरच्या गावात स्वयंपाक शिकायला येऊन बसलीय. स्वयंपाक! घरात मी हातीपायी धड असताना! तिचा बाप दोनदा येऊन हात हलवत परत गेला. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी जाते, आठ दिवसांत कान धरून आणते. सूनबाईने त्याच दिवशी माझं तिकीट काढलं. बॅगसुद्धा तिनेच भरली. गुणी आहे हो.

डोंगर बघितले. नुसते उभे आहेत. बसने पाच तास गरगर फिरवून वर आणलं, आतडी तोंडाशी आली, आणि वर आल्यावर दिसतं काय, तर आणखी वर.

सोमवार, ७ तारीख. दुपारी तीन.

खानावळ पाहिली. आठ टेबलं, त्यातलं एक लंगडं, त्याच्या पायाखाली पुठ्ठा. स्वयंपाकीणबाई माझ्याच वयाची, दाराएवढी, आणि मख्ख. मी तिचं नाव ठोंबी ठेवलंय. आपली भाषा तिला येत नाही. कुठलीच येत नसावी. गिऱ्हाईक काय बोलतं तिकडे तिचं लक्ष नसतं. जेवण झालं की मोरीपाशी उभी राहते आणि परत आलेलं एकेक ताट निरखून बघते. कुणी काय टाकलं, किती टाकलं. त्यावरून दुसऱ्या दिवशीचं ठरवते म्हणे. म्हणजे उष्ट्यावरून शिकते! नात हे मला कौतुकाने सांगत होती.

मी सरळच सांगितलं, बॅग भर. तर म्हणते, आजी, पैज लाव. आजपासून सात दुपारी तू इथे जेवायचं. एक दिवस जरी ताटात घासभर उरलं तर मी त्याच दिवशी बॅग भरते. सातही दिवस ताट रिकामं गेलं तर मी वर्षभर इथेच, आणि बाबांना तू समजवायचं.

मला हसूच आलं. बँकेत होती ना ही? लगेच हो म्हटलं. एक घास टाकायचा, संपलं काम. शिवाय इथलं अन्न. पांढरं पाणी, त्यात पाला तरंगतोय, शेजारी भाताचा ढीग.

आज ताट रिकामं झालं. पण ते धरायचं नाही. प्रवासाने पोट खपाटीला गेलं होतं.

जेवल्यावर ठोंबीला चांगलं पाच मिनिटं सुनावलं. म्हटलं, याला चव नाही, ढव नाही, आजाऱ्याला देतात ते तू धडधाकट माणसांना वाढतेस, माझ्या घरी ये म्हणजे स्वयंपाक काय ते कळेल. नातीने तिला दोनच शब्दांत सांगितलं. ठोंबी हसली. त्यांची भाषा फारच तोकडी दिसते.

मंगळवार, ८ तारीख.

सकाळी नात व्ह्यू पॉइंटला घेऊन गेली. एकशे दहा पायऱ्या. वर धुकं. स्वतःचा हात दिसेना. तरी पन्नास माणसं कठड्याला टेकून समोरच्या पांढऱ्याचे फोटो काढत होती. एक बाई म्हणाली, किती सुंदर. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, सगळंच. असल्या माणसांपुढे काय बोलणार.

आज अर्धं ताट टाकायचं असं पायरीवरच ठरवलं होतं. दुपारी जाड पोळ्या आणि हिरवी भाजी. भाजीत काहीतरी आंबट होतं. कशाने आंबट, ते कळेना. लिंबू नाही, चिंच नाही. शोधायचं तर खायला हवं. दुसऱ्यांदा घेतली तरी कळेना. तिसऱ्यांदा घेतली ती केवळ अर्धवट चौकशी करायची मला सवय नाही म्हणून.

पाच दिवस आहेत अजून.

बुधवार, ९ तारीख. दुपारी बारा.

आजची युक्ती जोरदार. जेवणाआधीच पोट भरायचं. बिस्किटांचा अख्खा पुडा, दोन केळी, वर तांब्याभर पाणी. आता घास काय, शीतसुद्धा जाणार नाही. नातीची बॅग कपाटावर आहे, ती काढून पुसून परत वर ठेवली.

त्याच दिवशी, दुपारी तीन.

या डोंगरावरच्या हवेची तक्रार करायला हवी. कुठे करतात?

गुरुवार, १० तारीख.

धबधबा. आमच्या सोसायटीची टाकी भरून वाहते तेव्हा सेक्रेटरी सगळ्या मजल्यांवर ओरडत फिरतो. इथे तेच बघायला लोक रेनकोट घालून उभे. नंतर तळं. माणसं पायाने होडी चालवत गोल फिरतात आणि निघाली तिथेच उतरतात. नातीला म्हटलं, असल्या गावात राहून तुझी अक्कल जायला लागलीय. ती म्हणाली, आजी, होडीत बसायचंय का? बसले. नाहीतर ती म्हणाली असती आजी घाबरली.

दुपारच्या जेवणात यश आलं होतं. खरंच आलं होतं. डावीकडे दोन मोठे घास बाजूला सारून ठेवले आणि हात आवरला. नात बघत होती. तिचा चेहरा पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मग मी तिला आमच्या ह्यांची गोष्ट सांगायला घेतली. हे चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवले, एका शब्दाने कधी नाव ठेवलं नाही. कित्येकदा तर ऑफिसातून येतानाच बाहेर खाऊन यायचे, म्हणायचे, तुला कशाला त्रास. असा माणूस मिळायचा नाही. सांगता सांगता डोळे भरून आले, आणि पुसून बघते तो ते दोन घास नाहीत. माझ्याच हाताला रस्सा.

बोलण्याच्या भरात खाल्लेलं धरायचं नाही असं मी म्हटलं. नात म्हणाली, ताट बघ ना आजी, चाटून पुसून. म्हटलं, तुझ्या आजोबांची गोष्ट चालू होती, लाज वाटत नाही?

मुलाचा फोन. सांगितलं, काम नव्वद टक्के झालं.

शुक्रवार, ११ तारीख.

आता हयगय नाही. आज कवळी खोलीतच ठेवून गेले. दात नाहीत तर खाणार कशाने? अगदी खात्रीचा उपाय. हा आधी कसा सुचला नाही.

ताट आलं. जाड पोळी, कुरकुरीत तळलेलं काहीतरी. मी तोंड उघडून नातीला दाखवलं, म्हटलं, बघ बाई, नाइलाज आहे. ठोंबी मोरीपाशी होती. ती आली, वाकून माझ्या तोंडात टॉर्च मारल्यासारखं बघितलं आणि ताट उचलून आत घेऊन गेली. म्हटलं, हरली! दहा मिनिटांनी वाडगा घेऊन आली. त्याच पोळ्या कुस्करून, दुधात शिजवून, वर तूप. लोण्यासारखं. समोर खुर्ची ओढून बसली आणि मी खाऊन होईपर्यंत उठली नाही.

याला लाच म्हणतात. मी वाडगा संपवला तो तिला ताबडतोब उठवायला. जागा किती अडवते बाई.

शनिवार, १२ तारीख.

दुपारचं ताट आजही रिकामं. मग लपून स्वयंपाकघरात गेले. मुद्दा असा की घाण सापडेल, झुरळ सापडेल, मग पैज बिज काही नको, त्या एका गोष्टीवर नातीला उचलते. झुरळ नव्हतं. एक मुंगी होती, तीही बाहेर चालली होती.

नात कणीक मळत होती. ठोंबीने बोट खुपसून पाहिलं आणि सगळा गोळा उचलून बाजूच्या बादलीत टाकला. जनावरांसाठी ठेवलेल्या. मला वाटलं, आता पोरगी रडेल, आता माझ्या गळ्यात पडेल. तर ती खो खो हसली आणि पुन्हा पीठ घेतलं. ते टाकलं तसं दुसरंही बादलीत. तिसऱ्यांदा ठोंबीने नुसती मान हलवली. पोरीच्या चेहऱ्यावर असं काही आलं की दहावीच्या निकालालाही तसं पाहिलं नव्हतं. मनगटावर भाजल्याचे डाग आहेत. मी तिला घरी कधी गॅसपाशी उभं राहू दिलं नाही. कणकेला हात लावू दिला नाही. म्हणायची, आजी, मी करू का? मी म्हणायची, तुला जमायचं नाही, हो बाजूला. लाडच की ते.

मग मला राहवेना. दारातूनच म्हटलं, पुरे झालं हे पाणी आणि पाला. उद्या इथे माझी वांग्याची भाजी होईल. नात करेल, मी फोनवर सांगितली होती तश्शी, आणि या बाईला कळू दे हात कशाला म्हणतात. नात एकदम गंभीर झाली. म्हणाली, आजी, नको. मी म्हटलं, का, भ्यालीस? ती म्हणाली, उद्या पैजेचा शेवटचा दिवस आहे, तुझीच भाजी असली तर तू सगळी खाशील, मग हरशील. म्हटलं, ते मी बघते.

बसून विचार केला. पोटभर खायची, आणि शेवटचा घास पोट भरलं म्हणून टाकायचा. भाजीची वाहवा होईल आणि पोरगीही घरी येईल. दोन्हीकडून मीच. अशी बुद्धी बँकेत शिकवत नाहीत.

रविवार, १३ तारीख. दुपारी चार.

भाजी आली. रंग माझ्या भाजीसारखाच, काळा. शेजारच्या दोन टेबलांवरही दिली होती. पहिला घास घेतला.

नातीला बोलावून म्हटलं, काय घातलंस यात? ती म्हणाली, तू सांगितलंस तेच. म्हटलं, मीठ? म्हणाली, तीन चमचे, तूच म्हणालीस कमी पडायला नको. मसाला करपल्याचा वास का? म्हणाली, काळा होईपर्यंत परत, असं तू सांगितलंस. तिने चिठ्ठी आणून दाखवली. माझेच शब्द. शेवटी माझंच वाक्य, झाकण ठेवून विसरून जा.

दुसरा घास घेतला. तो गिळायला पाणी लागलं.

घास टाकायचा विचार करावाच लागला नाही. ताटच उरलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे भात कोरडा खात होते. ठोंबी आली. ताटाकडे बघितलं. बोटाच्या टोकावर जरा घेऊन चाखलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेली. हसली असती तरी बरं झालं असतं.

नात म्हणाली, उरलं आजी. जिंकलीस. शब्द दिलाय, भरते बॅग. रडली नाही, भांडली नाही. एप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि पायऱ्या चढून गेली. वर कपाटावरून बॅग ओढल्याचा आवाज आला. मीच पुसून ठेवलेली.

म्हणजे जिंकले. आता मुलाला फोन करायचा. आधी ताट जवळ ओढलं.

पाणी, घास, पाणी, घास. मधे एकदा ठसका लागला तर आतून ठोंबीने येऊन पाठीवर थोपटलं आणि तांब्या भरून ठेवला. शेवटी ताट बोटाने पुसलं. नात बॅग घेऊन खाली आली तेव्हा मी हात धूत होते. म्हटलं, कुठे निघालीस? ती ताटाकडे बघत राहिली. मी म्हटलं, उरलं कुठे? तुला चष्मा लागलाय, डोळे दाखवून घे. आणि सात दिवस पुरे झाले, आता मला मुलाला समजवायचंय, त्याचं टेन्शन मला, तू हो बाजूला.

ती गळ्यात पडली. बाह्यांना पीठ होतं, माझी साडी खराब केली. शिस्त अशी नाहीच हिला.

आज रात्रीची गोळी आत्ताच घेतली. पोट बरं नाही. हवा.

सोमवार, १४ तारीख. सकाळ, बसमध्ये.

एकटी. खिडकीची जागा. नात आणि ठोंबी स्टँडवर आल्या होत्या. ठोंबीने डबा दिला. उघडणार नाही. उघडला. संपला.

थांब्यावर रेंज आली तसा मुलाला फोन केला. चांगली तयारी केली होती, तो रागावणार, मी समजूत घालणार. सांगितलं, पोरगी वर्षभर तिथेच राहणार, माझा निर्णय आहे. तो म्हणाला, बरं झालं आई, घरात कुणीतरी नीट शिकायला हवंच होतं. आणि एकदम गप्प झाला. लाइन खराब असावी.

मागून भांड्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. सकाळी नऊला एवढं काय खात होते कोण जाणे. म्हटलं, सूनबाईला दे. तिला म्हटलं, हे बघ, माझं आता वय झालं. यापुढे स्वयंपाक तूच बघ. मला वाटलं नाही नाही म्हणेल, आई तुमच्या हातची सर कुणाला येणार म्हणेल, निदान थोडे आढेवेढे घेईल. म्हणून मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं.

माझं बोलणं संपायच्या आत ती हो म्हणाली.