शिट्टी सुनीताताईंच्या गळ्यात

रविवार, संध्याकाळ

आज चिकलठाण्याला क्लबची एअर रायफलची मॅच झाली. नेहमीप्रमाणं लक्ष्याचे कागद, गुण, शिट्टी, सगळं मीच अंगावर घेतलेलं. गुण मोजता मोजता मी गोळीबाराची शिट्टी वाजवली, आणि क्लबातले सलीमभाई अजून समोर लक्ष्याचे कागद बदलत होते.

"थांबा! माणूस हाय समोर!" आमच्याबरोबर नेम धरणाऱ्या सुनीताताई ओरडल्या. कुणी चाप ओढला नाही. देवानंच राखलं.

सलीमभाई परत येत म्हणाले, "क्या दादा, हमारेच पे निशाना?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

ताईंनी हात पुढं केला. "शिट्टी द्या इकडं. ज्याची फेरी झाली, त्यानं पुढच्या फेरीचं काम बघायचं. एकटे लई दमता, अन् जीव आमचा जातो."

गळ्यातली शिट्टी काढून दिली, पण द्यायला जड गेलं. का? इतकी वर्षं मी याला सेवा म्हणत होतो. हट्टच होता का तो?

शेवटच्या फेरीत कितीतरी वर्षांनी स्वतः रायफल धरली, आणि ताईंच्या शिट्टीची वाट पाहत उभा राहिलो.

घरच्या आरतीला वेळेवर पोचलो. टाळ्या वाजवताना हात सवयीनं गळ्याकडं गेला. शिट्टी नव्हती. पुन्हा टाळ्यांत मिसळलो.