ट्रॅक्टर थोरल्या सुनेला

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, शिक्षण सातवी, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. टाचणी निघाली तर दुसरा कपाटाच्या वरच्या खणात आहे. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात ट्रॅक्टर 'इतर जंगम वस्तूं'मध्ये गेला होता. म्हणून हे मी पुन्हा स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. राहते घर आणि जमीन दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. बँकेत आहे तेही तसेच. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घालू नये. घातलीत तर ओटा कोणाच्या बाजूला यावरून भांडाल आणि मिटवायला मी नसेन.

२. पान्यांची पेटी, ग्रीसगन आणि जॅक माझा मित्र फिटर याला. त्यातला वीस-बावीसचा पाना एकोणीस वर्षांपासून त्याच्याकडेच आहे, तो आता त्याचाच समजावा. पण नेला त्याने, हे कुठेतरी लिहिलेले असावे. पुढे ट्रॅक्टरला गरज पडेल तेव्हा त्याने पेटीसकट यावे, सबब सांगू नये.

३. आता ट्रॅक्टर. तो मी बावन्न वर्षांपूर्वी घेतला. कागद माझ्या एकट्याच्या नावावर आहेत, तीनदा तपासले. त्याला बटणाचा स्टार्टर नाही, पुढून हँडल घालून इंजिन फिरवावे लागते. माझी बायको म्हणायची, "तुम्ही त्याला विचारून जेवता." खरेच होते. जेवायला म्हणून बंद केला की पुन्हा हँडल मारणे आले.

शेजारी त्याला 'खोकला' म्हणतो. त्याचा नवा निळा ट्रॅक्टर चिखलात रुतला तेव्हा खोकल्यानेच ओढून काढला. साधे 'बरे झाले' एवढेही तो बोलला नाही. या मृत्युपत्राने मी त्याला काहीही देत नाही.

४. गेल्या महिन्यात थोरल्याने मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना घरी आणले. त्यांना ट्रॅक्टर हॉटेलच्या फाटकापाशी ठेवायचा होता. लाल रंग द्यायचा, बॉनेटवर कुंड्या मांडायच्या, आणि कोणी पळवू नये म्हणून चाकांत आणि इंजिनात सिमेंट ओतायचे.

"आजोबा, लोक थांबून फोटो काढतील," ते म्हणाले.

"मग मलाच ठेवा. मीही रिकामाच बसतो."

थोरला म्हणाला, "बाबा, उगाच वाकड्यात शिरू नका. चार लोक हसतात आपल्याला."

हॉटेलवाल्यांनी विचारले, "चालतो का तरी?" थोरल्याला राहवले नाही. पंधरा वर्षे हात लावला नव्हता, तरी हँडल घेतले. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, मुठीत वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात आपोआप सुटला पाहिजे. त्याने मूठ आवळली. झटका बसला आणि मनगट मोडले.

थोरली सून धावत आली. नवऱ्याला ओसरीवर बसवले, पंच्याने हात गळ्यात बांधला. हॉटेलवाले म्हणाले, "जाऊ द्या, नाहीतरी बंदच करायचाय." सून म्हणाली, "तो बंद नाहीये. तुम्ही गाडी वळवून घ्या, यांना दवाखान्यात न्यायचंय." तेवढ्या वेळात तिने हँडल घेतले, अंगठा बाहेर ठेवून. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन धरले. हॉटेलवाले पुढे काही बोलले असतील, पण ऐकू आले नाही.

संध्याकाळी मी विचारले, "हे कधी शिकलीस?"

"सोळा वर्षं भांडी घासताना समोर दुसरं काय दिसतं, बाबा?"

५. म्हणून ट्रॅक्टर, नांगर आणि ट्रॉलीसह, थोरल्या सुनेला. तिच्या नवऱ्याला नव्हे. तो विकू नये, रंगवू नये, शोभेला ठेवू नये. वर्षातून एकदा तरी जमिनीत घालावा. थोरला गोड बोलून मागेल. तिला नाही म्हणणे जड जाते, म्हणून तिच्या वतीने मी इथेच नाही म्हणून ठेवतो. तिचे हात थकले तर ज्याला हँडलने चालू करता येईल त्याला तिने द्यावा, मग तो घरचा असो वा नसो.

६. हे कलम लिहू की नको, याचा चार दिवस विचार केला. थोरल्याचा अंगठा मुठीत गेलेला मी पाहिला होता. ओरडायला वेळ होता. मी ओरडलो नाही. सिमेंटचे ऐकून माझे डोके फिरले होते, पण ही सबब झाली. समोर सांगायचा धीर नाही. इथे लिहिले म्हणजे मला जाब द्यावा लागणार नाही, हा भित्रेपणा आहे हे कळते. हाताबद्दल मी त्याची माफी मागतो. ट्रॅक्टरबद्दल मागत नाही.

७. हे सर्व माझ्या पश्चात लागू होईल. तोपर्यंत मालक मी. परवापासून थोरला आपली गाडी शेडच्या दारात आडवी लावतो आणि किल्ली खिशात घालून कामाला जातो. शेडचा मागचा पत्रा काढायला फिटर सोमवारी सकाळी सात वाजता येणार आहे. त्यानंतर खालच्या तुकड्यात नांगरट आहे. हँडल सून मारेल, चालवणार मी.

सही (मडगार्डवर कागद ठेवल्याने वाकडी आली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिला: फिटर. "माझ्यासमोर सही केली. पाना मी नेलेला नाही, त्याने दिला होता."

साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई. "सही करणारे पूर्ण शुद्धीत आहेत. नांगरटीला मी परवानगी दिलेली नाही."

खुलासा: बाईंनी परवानगी दिलेली नाही हे खरे आहे. मी मागितलेली नाही.

ठिकाण: घरामागची शेड
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार