मुख्याध्यापकांचा हात

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वहिनीची प्रकृती उत्तम, माझी त्याहून उत्तम आणि आमच्या दूरचित्रवाणी संचाची सर्वोत्तम. रोज साडेसातला कवळ्यांचे शिल्पकार, अर्थात अस्मादिक, दंतशाळेतून परतून मालिकेसमोर समाधिस्थ होतात. थोरल्या सुनेचे काम करणारी बाई अश्रुपाताच्या प्रांतात अद्वितीय आहे. मात्र तिचे खालचे दात आमच्याच एखाद्या व्यवसायबंधूची कृपा, हे मी शपथेवर सांगतो.

तक्रार एकच. मालिकेतल्या निवृत्त मुख्याध्यापकांना कंपवात जडला आहे आणि ते सोंग वठवणारा नट शुद्ध अडाणी आहे. पेला उचलताना त्याचा हात थडथडतो आणि मांडीवर ठेवला की शांत! वस्तुस्थिती नेमकी विपरीत असते. हात विसावला की अंगठा तर्जनीवर गोळी वळल्यासारखा फिरू लागतो. काही उचलायला गेले की थांबतो. शिवाय चालताना एक हात झुलायचा विसरतो, हे त्या महाभागाच्या गावीही नाही. वाहिनीला खरमरीत पत्र धाडावे म्हणतो.

तुझ्या लोभावर आजन्म हक्क सांगणारा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोटभर हसले. वॉर्डातल्या बाकीच्या नर्सनाही वाचून दाखवले. मग जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचले आणि डबा तसाच झाकून ठेवला.

वीस वर्षे मी या आजाराची माणसे उठवते-बसवते आहे. तू लिहिलेस अगदी तसेच असते, अंगठ्यासकट. पण मला ते कळायला वॉर्ड लागला. तुला कुणी शिकवले रे? आपल्या नात्यागोत्यात हा आजार कुणाला नाही.

तुझी जुनी पत्रे काढली. गेल्या वर्षी तुझ्या पानावर चौदा ओळी मावत होत्या. या पानावर सव्वीस आहेत, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे मुंगीएवढी होत गेली आहे. तुझे अक्षर तुझ्यासारखेच ऐसपैस होते, दादा. थट्टेवारी नेऊ नकोस. वहिनीला विचारू, की तूच सांगतोस?

तुझी माया अशीच राहू दे, पण खरे बोल.
धाकटी

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस, आशीर्वाद.

वहिनीला विचारू नकोस. ही ज्येष्ठ बंधूची आज्ञा आहे. मोडणार असशील तर विनंती समज.

अक्षराविषयी मी कागदाच्या टंचाईवर एक भव्य परिच्छेद रचला होता. तो फाडला. पाच महिने झाले. मालिका पाहताना मी उजवा हात मांडीखाली दाबून बसतो. हिला वाटते, कथानकात रंगलो. त्या नटाचे काय चुकते ते मला दिसते, आणि कसे दिसते हे सांगता येत नाही, म्हणून त्याच्यावर एवढा संताप.

मेणात दात बसवताना हात स्थिर असतो, पण मंदावला आहे. परवा एका सुळ्याला चाळीस मिनिटे लागली. पूर्वी दहा पुरत. मालक दोनदा येऊन माझ्या मागे उभे राहिले आणि घड्याळ पाहून गेले. हे काम गेले तर मला दुसरे काय येते?

मालिकेत आता मुख्याध्यापकांना चमच्याने भरवू लागले आहेत. तो प्रसंग आला की मी पाणी प्यायला उठतो. डॉक्टरांकडे गेलो नाही. त्यांनी एकदा नाव उच्चारले की ते कायमचे घरात राहायला येईल.

रागावलीस तरी टाकू नकोस.
दादा

२२ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

नाव न घेतल्याने आजार जात नाही, औषध तेवढे मिळायचे राहते. औषधावर वर्षानुवर्षे काम करणारी माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. मी बुधवारी येते. त्याआधी वहिनीला सांग; ते मी करणार नाही.

भांडले तरी तुझीच,
धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस, आशीर्वाद.

आज्ञापालन झाले. काल मालिका चालू असतानाच सांगितले, म्हणजे हिला माझ्याकडे पाहावे लागणार नाही. हिने मान न वळवता विचारले, की दोन महिने सकाळी तुमच्या शर्टाची बटणे मी लावते आहे, ती काय लाडाने लावते असे वाटले होय? मी, मूर्खशिरोमणी, खरोखर तसेच समजत होतो.

विचारले का नाहीस, म्हटले. म्हणाली, तुम्ही हो म्हणाला असतात तर? मग बराच वेळ आम्ही मालिका पाहत राहिलो. काय घडले ते दोघांनाही सांगता येणार नाही.

गुरुवारी तीही येते आहे. डॉक्टर मला चालून दाखवायला सांगतील, आणि मागे तुम्ही दोघी पाहत असाल. मला फार भीती वाटते, धाकटे. बुधवारची गाडी चुकवू नकोस.

तुझा,
दादा