बाबांनी भरलेली बॅग

एकदरा, मुरुड
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय अजितदादा,

नमस्कार. अंदमानात पाऊस थांबला असेल, तू बरा असशील. आईचे गुडघे सोडले तर ती ठीक आहे. यंदा सुकट चांगली मिळाली. थोडी पाठवणार होते, पण तिकडे निघालेला शेजारचा साहिल म्हणाला, "ताई, विमानात वास सुटला तर बॅगेआधी मला उतरवतील."

तुझं डायव्हिंगचं किट त्याच्याबरोबर येतंय. तू फोनवर सांगितलंस तसंच सगळं आहे. सूट तळाला, कडेने फिन्स, मधे मास्क. जॅकेटमधली हवा पूर्ण काढली. चाकू कापडात गुंडाळून याच मोठ्या बॅगेत ठेवलाय. टॉर्चची बॅटरी काढून साहिलच्या हातातल्या बॅगेत दिली, श्वास घ्यायचा रेग्युलेटरही तिथेच, नळ्या न मुडपता टॉवेलात. वर्षानुवर्षं पडून होता तो, सर्व्हिसिंग केल्याशिवाय तोंडात धरू नकोस. सिलिंडर इथेच राहिला.

पण ही बॅग मी भरलेली नाही, दादा. बाबांनी भरली. मी नुसती शेजारी बसून काय कुठे ते सांगत होते.

पुन्हा पाण्यात उतरतोय, किट पाठव, असं तू म्हणालास तेव्हा फोन स्पीकरवर होता. बाबा ओटीवर जाळं शिवत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पाठवायचं कशाला? मी नेतो."

"विमानात कधी बसलात का?"

"पयल्यांदा होडीत बसलो तवा तरी कुठं आधी बसलो व्हतो?"

म्हणून आम्हा दोघांची तिकिटं काढली. त्यांना ताप आला म्हणून आमचं येणं राहिलं, असं मी तुला सांगितलं होतं. ताप नव्हता. आम्ही विमानतळावर पोचलो होतो.

काउंटरवर बॅगेचं वजन जास्त भरलं. उघडली तर आत तुझ्या कमरपट्ट्याची शिशाची वजनं. मला न सांगता घातली होती. तिथली मुलगी हसून म्हणाली, "काका, शिसं तिकडेही मिळतं. काढा ते."

"त्याच्या पट्ट्याचं हाय. दुसरं त्याला कसं बसंल?"

"पण एवढं सामान कशासाठी लागतं?"

"माझा पोरगा बुडालेली माणसं वर काढतो," बाबा म्हणाले. आणि बोलता बोलताच त्यांनी काउंटरकडे पाठ फिरवली. बॅग ओढत बाकड्यापाशी गेले नि बसले. "सुचे, मी न्हाय येत. कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्यासमोर?"

मी विनवण्या केल्या, चिडले, रडलेसुद्धा. ते उठले नाहीत. विमान गेलं.

धक्क्यावर त्या दिवशी झालेलं आपल्या घरात कुणी कधी काढत नाही. मीही लिहिणार नव्हते. आपला गणू होडीतून पडला, आणि तू त्या गढूळ पाण्यात परत परत उतरत राहिलास, ओठ निळे पडले तरी. तो सापडला नाही. तू वर आलास आणि सगळ्या कोळीवाड्यासमोर बाबा म्हणाले, "लोकांची काढतोस, आपला भाऊ न्हाय काढवला तुला." तू किट तिथेच टाकलंस नि गेलास. ते उचलून घरी कुणी आणलं, हे तू कधी विचारलं नाहीस. बाबांनीच आणलं.

विमानतळावरून परतताना वडखळला चहाला थांबलो. बाबांनी कप तोंडाला लावला नाही. म्हणाले, "मी पायरीवर उभा व्हतो. एकदा अजित खाली गेला तो लवकर वर येईना. तवा मी देवाला बोललो, गणूला ठेव तुझ्याकडं, पर ह्याला दे. आन् हा वर आला. मीच गणूचा हात सोडला, सुचे. त्याची लाज मला सोसंना, ती ह्याच्यावर काढली."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दादाला फोन लावते. त्यांनी माझा हात धरला. "फोनवर न्हाय. पुढच्या महिन्यात परत जाऊ. मी तोंडानं सांगीन."

मी फोन खाली ठेवला. बापाचा मान राखते असं वाटलं मला. वेळ आहे असंही वाटलं.

दादा, दिवाळी झाली आणि बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अलिबागच्या दवाखान्यातून आता घरी आणलंय. बोलणं परत येईल असं डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. परवा तुझा फोन आला तेव्हा मी "बाबा झोपलेत" म्हणाले, पण ते जागे होते. माझ्याकडेच बघत होते. त्यांच्यासमोर हे फोनवर सांगणं मला जमेना, म्हणून हे कागदावर.

जे त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं ते तुला माझ्या अक्षरात वाचावं लागतंय, हे मला आयुष्यभर सलत राहील. त्या दिवशी वडखळला मी त्यांचं ऐकायला नको होतं.

रागावलास तर माझ्यावर रागाव. पण ये. त्यांना ऐकू येतं, सगळं समजतं. त्यांनी सांगायचं ते राहिलं, पण तुला काही सांगायचं असेल तर त्याची वेळ अजून गेलेली नाही.

तुला वेळेवर न कळवलेली,
तुझी सुचिता