किती खाल्ल्यावर सोडणार?

५ जाने., नेकनूर
माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. ओसरीवरची एकमेव न डुगडुगणारी खुर्ची सुशीलावहिनीनं शेतात नेली. रविवारी पोलंडचं जोडपं हुरडा खायला येतंय, म्हणून मी पेपर पायरीवर बसून वाचायचा. दाद कुठं मागावी?

वहिनीच्या हुरडा पार्टीचा पहिलाच हंगाम. आजवर आले ते सोयरे, फुकट खाऊन गेले. दादानं बजावलंय, संक्रांतीपर्यंत गिऱ्हाईक जमलं नाही तर त्या तुकड्यात ऊस.

दुभाषा व्हायला मी तयार होतो. वहिनी म्हणाली, "नगं भावजी. तुमी एका वाक्यात तीन टोमणे मारता. फोन बरा. सरळ बोलतो."

८ जाने., रवि.
आले. मारेक आणि आना. ड्रायव्हर गाडीत झोपला. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळून गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही. खूश. मग आनानं हात आडवा धरला. पुरे.

पहिल्या 'पुरे'ला आपल्याकडे कोण विचारतं. वहिनी फोनमध्ये, "असं कसं? माझी शपथ हाय. खाल्ल्याबिगर उठू देणार न्हाई."

फोन पोलिशमध्ये बोलला. आना मुळातच गोरी, आणखी पांढरी पडली. निमूट खाल्लं. वहिनीनं पुन्हा वाढलं. तेवढ्यात दादा कणसं कापून आला आणि विळ्यासकट मारेकच्या मागं उभा राहिला. तो बोलतच नाही.

मारेक फोनमध्ये कुजबुजला. फोन, शुद्ध मराठीत : "कृपया सांगा, किती खाल्ल्यानंतर आमची सुटका करण्यात येईल?"

वहिनी, "सुटका कशाची? रातच्याला जेवूनच जा म्हणावं."

फोननं तेही सांगितलं. सरळ.

शेवटी माझं मोडकं इंग्रजी काढलं. म्हटलं, इथं पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, घरच्यांनी ते ऐकायचं नाही, तिसऱ्यांदा खायचं. याला प्रेम म्हणतात. आना हसता हसता रडायलाच लागली. मारेकला नियम फारच पटला. मूठभर हुरडा घेऊन थेट दादापुढं. दादानं या हंगामात एक दाणा तोंडात टाकलेला नाही. "नको."

मारेकचा फोन : "मी शपथ घेतली आहे. तुम्हाला उठू दिले जाणार नाही."

दादा उभाच होता. बसला. खाल्ला. "चटणीत मीठ कमी हाय," म्हणाला. वहिनी तिकडं तोंड करून हसली.

९ जाने.
वहिनी आगटीतली राख काढत होती. मग, "भावजी, लई भ्याले का हो ते? लोक फोनवर लिहितात म्हणं, कसं होतं ते. काय लिहितील?"

टोमणा शोधला. मग म्हटलं, चटणीत मीठ कमी, एवढंच लिहितील.

१४ जाने., भोगी
ड्रायव्हर आला. उद्या त्यांचं विमान. वहिनीसाठी आल्याच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि ड्रायव्हरच्या फोनवर मारेकचा निरोप, फोनच्याच मराठीत : "आम्हाला अत्यंत प्रेमाने ओलीस ठेवण्यात आले. आमचे चार मित्र फेब्रुवारीत ओलीस येऊ इच्छितात."

दादानं दोनदा वाचला. बांधावर उसाचं बेणं ओल्या पोत्यांखाली येऊन पडलंय.

"फेब्रुवारीत हुरडा राहतो का?" त्यानं वहिनीला विचारलं.

"मागास पेरलेला हाय खालच्या अंगाला. ठेवला तर राहील."

"बघू," म्हणत दादा बांधाकडं गेला. वहिनी त्याच्या मागं.

ड्रायव्हरला घाई. मीच बिस्किटं पातेल्यात काढली, डबा पुसला, वहिनीनं संक्रांतीसाठी केलेल्या तिळाच्या वड्या काठोकाठ भरल्या. ड्रायव्हर म्हणाला, "सर, डबा परत न्हाई मागितला त्यांनी."

म्हटलं, घेऊन जा.