रातकिड्यांची वाळू

मल्लेश्वरम, बंगळूर
फेब्रुवारी १९६३

प्रिय कावेरी,

तुझ्या नावाआधी काय लिहावं ते या खेपेसही सुचेना. दीड वर्षापूर्वी हयवदन गेला, तेव्हापासून 'सौ.' लिहिता येत नाही, आणि नुसतं 'चि.' लिहिलं की पुढचा कागद दिसेनासा होतो. म्हणून सरळ 'प्रिय' लिहिलं. तू 'अत्ते' म्हणतेस त्या सासूने सुनेला असं लिहू नये हे मला ठाऊक आहे, पण वाचणारी तू एकटीच आहेस.

तुझं पत्र पोचलं. शाळेला सुट्टी लागली की धारवाडची नोकरी सोडून कायमची इकडे येतेस, कारण तू नसलीस तर हयवदनाचा ऊसरवळ्ळी उपाशी मरेल, असं लिहिलंयस. माहेरीही सगळ्यांना हेच सांगितलंस म्हणे. रंग बदलणाऱ्या सरड्यापायी नोकरी सोडणारी सून साऱ्या मल्लेश्वरमात मलाच मिळायची होती. तर आधी त्या गृहस्थाची खुशाली सांगते. जिवंत आहे. जास्वंदीच्या कुंडीत एका फांदीला धरून बसलाय, एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा भिंतीकडे. सकाळी पानांवर पाणी शिंपडते, ते थेंब थेंब चाटतो. हयवदनाने कॉलेजच्या आवारातून त्याला खिशात घालून आणलं तेव्हा मी दोन दिवस मुलाशी बोलले नव्हते. आता दिवसभर त्या सरड्याशीच बोलते, काय करणार.

खरी पंचाईत त्याच्या जेवणाची होती. जाताना तू रातकिड्यांचा तो जाळीच्या झाकणाचा डबा माझ्या हातात दिलास, तेव्हा मी नाकाला पदर लावला होता. आपल्या माध्वांच्या घरात कांदा येत नाही, तिथे किडे वाढवायचे, आणि वर ते एका सरड्याला भरवायचे. पण हयवदन हे सगळं किती जीव लावून करायचा ते तू पाहिलंयस, मीही पाहिलंय. एकादशीला मात्र मी डबा उघडत नाही. माझ्याबरोबर त्यालाही उपास. तक्रार करत नाही बिचारा, द्वादशीला दोन जास्त देते.

डबा स्वच्छ ठेवा, एवढं तू बजावून गेलीस. स्वच्छतेत मी कमी पडेन का? रोज कोंडा बदलायची, गाजराचे काप बदलायची, आणि त्या मातीच्या वाटीतली ओली वाळू नळाखाली खळाखळा धुऊन परत ठेवायची. किडे खाऊन-पिऊन गलेलठ्ठ होत होते, पण एक पिल्लू होईल तर शपथ. होते ते संपत चालले. कोंडा आणायला गेले की गिरणीतला कल्लाप्पा विचारायचा, अक्का, गाय घेतली का? मी नुसतं 'सरी, बरं' म्हणून पिशवी उचलायची. इकडे गृहस्थाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मग एकदा वाळू धुताना बोटाला काही लागलं, तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळसर. उजेडात धरून पाहिलं तर अंडी. मडी-सोवळं सांभाळता सांभाळता मी रोज त्यांची पोरंबाळं मोरीत ओतत होते. कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवसापासून वाटी धुतली नाही. न्हाणीतल्या हंड्याजवळ उबेला ठेवली आणि वरून स्वल्प पाणी शिंपडत राहिले. वाट बघताना, खरं सांगू, मनात येऊन गेलं की यातून काही न निघालं तर बरं. मग तुला लिहिता येईल, ये बाई, मला हे जमत नाही. घर खायला उठतं गं. संपिगे रोडला भाजीला गेले की अजून तुझ्यासाठी दोडकी घेते, मला ती सोसत नाहीत तरी. पण गेल्या मंगळवारी वाळू हलली. मोहरीएवढी पिल्लं, अंगावर शहारा यावा इतकी, सगळी वाटीभर उड्या मारायला लागली. मी न्हाणीतच पाटावर बसून हसले, आणि मग पुष्कळ रडले. आता दुसऱ्या वाटीतही वाळू भरून ठेवली आहे. मला जमलं, कावेरी.

परवा तुझी बहीण प्रतिमा मुद्दाम वाट वाकडी करून येऊन गेली. तुझ्या शाळेतल्या रघुपती मास्तरांनी तुझ्या वडिलांकडे विचारणा केली, आणि तू सरड्याचं कारण सांगून नाही म्हटलंस, हे तिच्याकडून कळलं. मास्तर नको असतील तर नको म्हण, ते तुझं तू बघ. पण त्यात माझं आणि त्या मुक्या जिवाचं नाव घालू नकोस. प्रतिमा म्हणते, मास्तरांचा विषय निघाला की तू उठून आत जातेस. नको असलेल्या माणसापायी कोणी असं आत जात नाही, एवढं मला कळतं. मी विधवा झाले तेव्हा हयवदन मांडीवर होता. मला विचारायला कोणी आलं नाही. आलं असतं तर काय म्हटलं असतं, ते इतक्या वर्षांत मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते. मी हो म्हटलं असतं. इकडे आम्हा दोघांची पोटं भरताहेत. तू नसलीस तर मला करमणार नाही, ते मी सोसेन. हयवदनाला तू जीव लावलास, तो कुठे जात नाही, त्याची काळजी करू नकोस. राहायला येऊ नकोस, बाळ. दोघं मिळून भेटायला या.

तुझीच,
अत्ते